पंचांनी दिलेला भाऊ

त्या साली भुईमूग उदंड आला आणि परतीच्या पावसानं मात्र दगा दिला. जमीन अशी आवळली की वेल ओढला तर नुसता पाला हातात यायचा आणि शेंगा खालीच राहायच्या. पुरुषांनी कुदळीनं उकरायचं आणि बायकांनी मागून ढेकळं फोडून शेंगा वेचायच्या, असं काम चाललं होतं. बोरजाईवाडीतल्या बायकांची नखं मुळापासून सुटली होती. भाकरी थापताना पिठातलं मीठ झोंबलं की घराघरांतून देवाचं नाव निघे.

केरबाच्या घरात बोलायची कामं केरबा करी आणि बाकीची सगळी हरणाबाई. केरबा गोडबोल्या. चिमूटभर तंबाखूसाठी वैऱ्याच्या कट्ट्यावरही बसेल असा. हरणाबाई मापात बोलायची. लेक ज्ञानू पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या रानात कुठंतरी लढत होता. त्याची बायको राही घरात आल्यापासून सासूसुनेचं असं सूत जमलं होतं, की त्यांच्या भांडणाची वाट बघून बघून शेजारणी कंटाळल्या होत्या.

घरची शेताची पट्टी आटोपल्यावर ही तिघं लालासाहेबाच्या मळ्यात शेंगा काढायला जाऊ लागली. लालासाहेब म्हणजे गावातला मोठा बागाईतदार. पस्तिशीतला गडी, पांढरा पटका, बोलणं मऊ. एक दिवस हरणाबाईचा गुडघा सुजला म्हणून ती घरी राहिली. दिवस अजून चांगला वर होता, तोच राही बांधाबांधानं एकटीच आली. डोक्यावर पदर नव्हता. चोळीची बाही खांद्यापासून फाटलेली, ओठ फुटलेला.

"आत्या, पाणी," ती म्हणाली, आणि हरणाबाईला दिसलं की तिच्या तोंडात माती आहे.

चुळा भरून झाल्यावर राहीनं सांगितलं. केरबा मळ्याच्या दुसऱ्या टोकाला उकरत होता, तेव्हा लालासाहेबानं तिला पोती आणायला खोपीत धाडलं आणि मागून येऊन दार ओढून घेतलं. ओरडू नये म्हणून तोंडात ढेकूळ कोंबलं. ती ढेकळासकट त्याचा अंगठा चावली. तो हात झटकतोय तोवर तिनं कुडाला लाथ घातली आणि पडलेल्या भोकातून बाहेर निघाली.

"चावलीस?" हरणाबाईनं विचारलं.

"व्हय."

"लय?"

"रगात आलं."

"ब्येस केलंस," हरणाबाई म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं. राही रडत नव्हती. तिच्या वाटणीचंही सासूच रडली.

दुसऱ्या दिवशी केरबा सुनेला घेऊन तालुक्याच्या ठाण्यावर गेला. सोबत हरणाबाई सुजल्या गुडघ्यानं लंगडत. हवालदार पान जुळवत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावत विचारलं, "साक्षीदार कोण?"

"खोपीत साक्षीदार कुठला असंल, सायेब?" केरबा म्हणाला.

"मग पुरावा?"

"त्येचा अंगठा बघा की," राही म्हणाली.

हवालदार हसला. "तो म्हणेल, हिनं मला चावलं. मग खटला कुणावर चालवू? आणि घडलं तर काही नाही ना?" त्यानं राहीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "त्याच्याशी आधी कधी हसून बोललीस?"

राहीनं सासूकडे बघितलं. मळ्याच्या धन्याशी कोण हसून बोलत नाही?

"हे बघ बाई. उद्या साताऱ्याला कोर्टात उभी राहशील. वकील विचारणार, पदर कुठं होता, हात कुठं होता. शंभर माणसांत सांगशील? नवरा पलटणीत आहे म्हणतीस, त्याच्या कानावर जाईल. जा घरी. शेंगा काढा."

केरबानं हवालदाराला रामराम घातला. चुकून घातला, सवयीनं. परतीच्या वाटेवर त्याला त्या रामरामाचीच लाज वाटत राहिली आणि तो गावापर्यंत अवाक्षर बोलला नाही. केरबा गप्प बसलेला गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या काळात त्या भागात सरकारं दोन होती. एक ठाण्यातलं आणि दुसरं उसातून, रानातून हिंडणारं. दुसरं सरकार पोरासोरांचं, पण सावकार, दारूवाले आणि बायकांच्या वाटेला जाणारे त्याच्या नावानं घाम पुसत. त्यांचं न्यायमंडळ गावोगाव बसे. गुन्हा शाबीत झाला की तळपायांवर काठी बसे, आणि मग गडी कित्येक दिवस गुडघ्यांवर रांगे. राहीची गोष्ट या सरकारच्या कानी गेली तेव्हा गावाला वाटलं, आता लालासाहेबाचे तळवे शेकणार.

पण लालासाहेबाच्या मळ्यात याच पोरांनी आसरा घेतला होता. त्याच्या आईनं, भामाबाईनं, थापलेल्या भाकरी त्यांच्या पोटात होत्या. आणि मंडळाचा प्रमुख होता मास्तर. शाळा सोडून चळवळीत पडलेला, सज्जन पोरगा. सज्जन माणसाला खाल्ल्या भाकरीची ओढ जरा जास्तच असते. तो एका दुपारी केरबाच्या घरी आला तेव्हा राही ओढ्याला गेली होती.

"आत्या," तो हरणाबाईला म्हणाला, "लालासाहेब चुकला. माझ्यापाशी त्यानं चूक कबूल केलीय. त्याला मारून काय साधणार? भाऊबीज तोंडावर आलीय. त्यानं साडीचोळी घेऊन तुमच्या घरी यावं, राहीनं त्याला ओवाळावं. भरल्या गावात बहीण मानली की पुन्हा वाकडी नजर टाकायची त्याची छाती नाही. पोरीची अब्रू राहील आणि गावात तेढ पण राहायची नाही. आपल्यात रीतच आहे ही."

"रीत हाय खरी," हरणाबाई म्हणाली.

"मग तुमचा होकार समजू?"

हरणाबाईनं मान हलवली. मास्तर गेल्यावर केरबाला हायसं वाटलं. "लय ब्येस झालं," तो म्हणाला. "आगं, तुलाबी सिदू हायच की असाच मानलेला. सख्ख्या भावानं तोंडात बोट घालावं."

सिदू हरणाबाईच्या माहेरचा. हरणाबाईला सख्खा भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला सिदू लुगडं घेऊन यायचा, ओवाळून घ्यायचा, पोटभर जेवायचा. केरबाचा त्याच्यावर फार जीव. दोघं कट्ट्यावर बसून तंबाखू मळत, बैलांच्या गोष्टी करत आणि जाताना केरबा त्याला गुळाची ढेप बांधून देई. गावातल्या बायका हरणाबाईला म्हणत, नशीब काढलंस बाई, भाऊ असावा तर असा.

हरणाबाई चुलीपुढं जाऊन बसली आणि विझलेली चूल फुंकत राहिली.

राहीला रात्री सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी अंगणात वेलांच्या शेंगा तोडत बसल्या होत्या.

"आत्या," राही म्हणाली, "सिदूमामाला तुमी भाऊ कसा काय मानला?"

हरणाबाईचा हात थांबला. खोटं सांगायचं तर सोपं होतं. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून खोटं सांगायचीही वेळ आली नव्हती.

"म्या कुठला मानतीया?" ती म्हणाली. "पंचांनी दिला."

"म्हंजी?"

"म्या तवा परकर नेसत हुते. वड्याला धुणं धुवाय गेल्ते." तिनं एक शेंग उगाचच फोडली. "मला चावता आलं न्हाई, राही."

राहीनं पाटी बाजूला सारली आणि सासूच्या जवळ सरकली.

"पंच बसलं मारुतीच्या देवळात. त्यो पाया पडला, ताई म्हणाला. बानं माजा हात धरला न् त्येला ववाळाय लावलं. पुढं मला हिकडं दिली. तवापास्नं येतुया. आदी पंचांच्या धाकानं यायचा. मग सवय लागली. आता त्येला वाटतंय, आपुन खराच भाऊ हाय."

"मग तुमी कशा वो ववाळता त्येला?"

"खाली बघून," हरणाबाई म्हणाली. "म्या त्येच्या पायाच्या बोटांकडं बघती. नखं म्हातारी झाल्यात त्येची. तोंड कसं झालंय, मला इचारशील तर सांगता यायचं न्हाई."

"मामंजींस्नी ठावं हाय?"

"न्हाई गं. त्येंचा सिदूवर लय जीव."

राहीनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या दिवसापासून न रडलेली पोर आता रडली. रडता रडताच म्हणाली, "मला कुणाच्या बोटांकडं बघायचं न्हाई, आत्या. त्येच्या अंगठ्यावर माजं दात हायती."

"पर म्या शबूद दिलाय मास्तराला."

"तुमी दिलाय. म्या न्हाई."

दुसरी एखादी सासू या उत्तरावर ताडकन उठली असती. हरणाबाईला मात्र सुनेचा हेवा वाटला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. आपल्याला हे एक वाक्य तेव्हा सुचलं असतं तर, असं तिच्या मनात येत राहिलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, ओढ्याकाठच्या आमराईत मंडळ बसलं. टेकडीवर राखणीला पोरं होती. गाव गोळा झालं होतं, बायका झाडांच्या आडोशाला. लालासाहेब अंगठ्याला चिंधी बांधून खाली बसला होता. पलीकडं त्याची आई भामाबाई. तिनं विट्याच्या बाजारातून साडी आणूनसुद्धा ठेवली होती आणि ती मांडीवर धरून बसली होती.

मास्तर उभा राहिला. लालासाहेबाकडून चूक घडली, त्याला पश्चात्ताप झाला आहे, असं त्यानं सांगितलं. भाऊबीजेचा निवाडा सांगितला. "राहीच्या घरच्यांना हे कबूल आहे," तो म्हणाला आणि रीत म्हणून बायकांच्या बाजूला वळला. "होय ना, आत्या?"

हरणाबाई झाडाच्या बुंध्याला धरून उठली. गुडघा ठणकत होता.

"न्हाई," ती म्हणाली.

गलका झाला. केरबानं पुढं येऊन तिचा पदर ओढला. "आगं, खुळी का काय? शबूद दिलाय न्हवं?"

"दिल्ता. माघारी घेतीया."

"आत्या, ही रीत आहे," मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाला.

"रीत मला सांगू नगा, मास्तर. मलाबी असाच एक भाऊ दिलाय पंचांनी. माज्या माहेरच्या पंचांनी." तिनं बुंध्यावरचा हात काढला. "तुमी चोराला घरधन्याचा भाऊ करता व्हय? त्येचं तळपाय फोडता. दारूवाल्याचं फोडता. मग बाईला हात लावला का लगीच भाऊ कसा करता? ह्ये तर चोराच्याच हातात घराची किल्ली दिल्यागत झालं. भाऊ म्हंजी त्येला उंबरा मोकळा. सणासुदीला यायचा, पाटावर बसायचा, तिच्या हातचं गोड खायचा, आन् तिनं त्येला दर साली ववाळायचं. शिक्षा कुणाला झाली सांगा की. त्येला का तिला?"

केरबानं पदर सोडला होता. त्याचा हात तसाच हवेत राहिला होता.

मास्तराची मान खाली गेली. पोरगा सज्जन होता म्हटलं, ते उगाच नाही. चूक कळली की सज्जन माणूस निदान लाजतो. त्यानं वर बघितलं आणि या सगळ्या प्रकरणात जे कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "राही, तुझं काय म्हणणं आहे?"

राही सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली. "समदी चूक चूक म्हणत्यात. चूक म्हंजी कालवणात मीठ जास्ती पडणं. त्येनं काय केलं ते त्येनं त्येच्या तोंडानं सांगावं. आन् त्येचं पाऊल आमच्या उंबऱ्याला लागायचं न्हाई. बाकी मारायचं का सोडायचं, ते तुमचं तुमी बघा."

लालासाहेब चिंधीशी चाळा करत बसला.

"सांग की रं," भामाबाई म्हणाली. "अंगठ्याला इळा लागला म्हणाला हुतास मला."

मग तो बोलला. मास्तरानं त्याला मोठ्यानं बोलायला लावलं. खोपी, दार, ढेकूळ, सगळं त्याच्या मऊ आवाजात गावानं ऐकलं. ऐकून झाल्यावर भामाबाई उठली. साडी काखोटीला मारली आणि लेकाकडे न बघता वाटेला लागली. जाताना राहीपाशी थांबली. तिनं राहीच्या हाताला नुसता हात लावला आणि गेली.

तिच्या भाकरी खाल्लेल्या पोरांनीच लालासाहेबाचे पाय धरले. काठीचा आवाज येऊ लागला तेव्हा राहीनं तोंड फिरवलं. हरणाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती गर्दीत केरबाला शोधत होती. केरबा कुठंच नव्हता.

सुजला गुडघा ओढत ती घराकडं निघाली. इतका जन्म ज्याच्याबरोबर काढला, त्याला हे चारचौघांत कळलं. तो आता काय म्हणेल? घरात ठेवील का? या वयात कुठं जायचं?

केरबा गोठ्यात बैलापुढं बसला होता. बैलाला एकेक काडी भरवत होता. ती दारात उभी राहिली तरी त्यानं वळून बघितलं नाही.

"म्या त्येला दर साली गूळ दिला," तो म्हणाला. "निवडून दिला गं. पिवळीधम्मक ढेप बघून."

"तुमास्नी काय ठावं हुतं?"

"तू सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी?"

केरबानं विचार केला. गोडबोल्या माणूस, पण या वेळी गोड बोलला नाही. "काय की. तवा तरणा हुतो. तुलाच इचारलं असतं, कशापायी गेल्तीस वड्याला म्हणून."

हरणाबाईला हे उत्तर लागलं आणि तरी बरंही वाटलं. इतक्या खऱ्यानं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. ती खाली बसली. गुडघा दुमडेना, तेव्हा केरबानंच तिचा पाय हलकेच धरून सरळ केला आणि आपल्या मांडीवर घेतला. मग तो दाबत बसला. बैल वैरणीसाठी ढुशा देत होता तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दिवाळी आली. गावातल्या बायका लालासाहेबाच्या मळ्यात आता दोघी-तिघी मिळूनच जात, आणि शेंगांची वाटणी भामाबाई स्वतः खळ्यावर बसून करी. भाऊबीजेला राहीचा सख्खा भाऊ सकाळीच येऊन ओवाळून घेऊन गेला. हरणाबाईनं आंघोळ केली, घर सारवलं आणि आत जाऊन बसली. केरबा सकाळपासून उंबऱ्यावर ठाण मांडून होता. तंबाखूलासुद्धा उठला नाही.

सिदू दिवस मावळायच्या सुमाराला आला. हातात काठी, बगलेत लुगड्याचं गाठोडं. "रामराम, केरबा! उंबऱ्यात बसून काय करतुयास गड्या?"

केरबानं तांब्या पुढं केला. "पाव्हणं, पाणी घ्या."

सिदू उभ्यानं पाणी प्याला. "हरणा कुठं हाय?"

"आत हाय. ती भाईर यायची न्हाई. आन् तुमी आत जायचं न्हाई."

सिदूच्या तोंडचा रंग उतरला. त्याला विचारावं लागलं नाही. काठीवर रेलून तो म्हणाला, "लय वरसं झाली त्येला, केरबा. म्या भाऊ म्हणून कवा चुकलो का? एक साल तरी चुकवलं का?"

"न्हाई चुकवलं. त्येच तर," केरबा म्हणाला.

सिदूनं गाठोडं कट्ट्यावर ठेवलं. केरबानं ते उचललं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं. म्हातारा वळला आणि काठी टेकत पांदीच्या वाटेला लागला. केरबा त्याच्याकडं बघत राहिला. तंबाखूचा असा सोबती त्याला पुन्हा मिळणार नव्हता. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

आत हरणाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. राहीनं देव्हाऱ्यातलं निरांजन तबकात घेतलं, कुंकू-अक्षता ठेवल्या आणि तबक सासूच्या हातात दिलं.

"आता कुणाला, गं?" हरणाबाई म्हणाली.

"भाऊ न्हाई त्या बायका चांदोबाला ववाळत्यात. चला, बुडायच्या आदी."

दोघी अंगणात आल्या. टेकडीच्या वर बिजेची कोर दिसत होती, नखाएवढी. हरणाबाईनं सवयीनं मान खाली घातली. मग तिच्या ध्यानात आलं की खाली बघून हा भाऊ दिसायचा नाही. तिनं मान वर केली, डोळे भरून बघितलं आणि सावकाश ओवाळलं. ज्योत वाऱ्यानं लवली, राहीनं हाताचा आडोसा धरला.

"ववाळणी काय घातली गं त्येनं?" उंबऱ्यावरून केरबानं विचारलं.

"काय न्हाई."

"जेवाय तरी थांबतुया का?"

"न्हाई." हरणाबाई अजून वरच बघत होती. "पर ह्यो भाऊ ब्येस हाय. लांबूनच बघतुया."